भिंत कुणाची, निस्तरायचे कुणी?



धानोऱ्याच्या बैठकीचा विषय होता रेशनचा. नंदुरबार जिल्ह्यातल्या आपल्या बहुतेक बैठका रेशन, रोजगार हमीची थकलेली मजुरी आणि दारू या तीन गोष्टींभोवती फिरतात, तशीच ही. पण बैठक उठता उठता एक अंगणवाडीताई बोलायला उभी राहिली. तिची अंगणवाडी भाड्याच्या खोलीत भरते. खोलीला कंबरेच्या उंचीपर्यंत ऑइलपेंटचा पिवळा पट्टा आहे. जुना, ओल धरून फुगलेला. त्याचे पोपडे पडतात. अडीच वर्षांचा एक मुलगा रोज त्याच भिंतीला टेकून बसतो, नखाने पोपडा सोडवतो आणि तोंडात घालतो. जुन्या रंगात शिसे असते आणि ते मुलांच्या मेंदूला बाधते, असे ताईने कुठेतरी वाचले होते. तिने खोलीच्या मालकाला सांगितले. तो म्हणाला, "भाडं किती मिळतं ताई? त्यात रंगही पाहिजे?" तिने वर कळवले. वरून उत्तर आले, "मुलांना हात धुवायला शिकवा." मुलाच्या आईला शेजारणी म्हणाल्या, "तुझंच लक्ष नाही." ती आई दिवस उगवायच्या आत कापूस वेचायला गेलेली असते.

ताईचा प्रश्न एवढाच होता: भिंत माझी नाही, मुलाच्या आईची नाही, मग तिचं निस्तरणं आमच्याच गळ्यात कसं?

त्या भिंतीत शिसे आहेच, असा आमचा दावा नाही. नुसते बघून ते कळतही नाही; रंगाची खरवड प्रयोगशाळेत पाठवावी लागते. पण ती पाठवायची कुणी, खर्च कुणी करायचा आणि शिसे निघाले तर भिंत नीट करायची कुणी, हे आपल्या कायद्याने कुणालाच सांगितलेले नाही. हे संपादकीय त्या रिकाम्या जागेबद्दल आहे.

आधी शिशाविषयी थोडे. शिसे म्हटले की आपल्याला शिसपेन्सिल आठवते. तिच्यात शिसे नसतेच, ग्रॅफाइट असते. तेव्हा पेन्सिल चघळणाऱ्या मुलांची काळजी सोडा. खरे शिसे असते ते गाडीच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत, देवाला लावायच्या अस्सल शेंदरात, काही सुरम्यांत, आणि जुन्या ऑइलपेंटमध्ये. पिवळा, लाल, हिरवा असे भडक रंग टिकावेत, लवकर वाळावेत, चकाकावेत म्हणून रंगात शिशाची संयुगे घालत. चुना, गेरू आणि शेणामातीचे सारवण यांत रंगासाठी शिसे कुणी घालत नाही. पाड्यावरचे कुडाचे घर 'मागासलेले' आणि ऑइलपेंटची खोली 'सुधारलेली' असे आपण समजतो. या एका बाबतीत हिशोब उलटा आहे.

शिसे शरीराला कशासाठीही लागत नाही. त्याचे अमुक प्रमाण निर्धोक आहे, असे आज कोणतीही आरोग्यसंस्था म्हणत नाही. मोठ्या माणसाच्या पोटात जितके शिसे जाते त्यातले थोडेच रक्तात उतरते. लहान मुलाचे शरीर मात्र त्याच्या चार-पाच पट शोषून घेते. पोट रिकामे असेल, शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर आणखी जास्त, कारण शरीर लोह समजून शिसेच उचलते. आता आपला जिल्हा डोळ्यांपुढे आणा. राज्यात कुपोषणाचा विषय निघाला की नंदुरबारचे नाव पहिल्या ओळीत येते. ज्या मुलाला पोषण आहाराची सर्वांत जास्त गरज, त्याच मुलाला भिंतीचा पोपडा सर्वांत जास्त बाधणार. शिवाय लोह कमी पडलेल्या मुलांना माती, चुना, पोपडे खावेसे वाटतात. त्याला आपण वाईट खोड म्हणतो आणि पाठीत धपाटा घालतो.

आईच्या शरीराचाही यात वाटा आहे. लहानपणी पोटात गेलेले शिसे हाडांत साठून राहते, वर्षानुवर्षे. गरोदरपणात बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघते, तेव्हा त्याच्याबरोबर ते शिसेही रक्तात येते आणि नाळेतून बाळापर्यंत पोचते. म्हणजे एखाद्या मुलीच्या शाळेच्या भिंतीचा रंग वीस वर्षांनी तिच्या बाळात उतरू शकतो. आणि हे सगळे मुकाट्याने होते. ताप नाही, पुरळ नाही. मूल उशिरा बोलते, अभ्यासात मागे पडते, चिडके होते. मास्तर म्हणतात 'ढ', आणि आपल्या भागात तर त्यामागे 'आदिवासीच ते' हा शेराही न बोलता लागलेला असतो.

हे संकट परदेशातले आहे असे समजायचे कारण नाही. बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशनने १९९७ ते १९९९ या काळात मुंबईसह सात शहरांत रक्ततपासणी केली. बारा वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात, त्या वेळी धोक्याची मानलेली पातळी ओलांडलेली होती. तेव्हा मोठा दोष पेट्रोलमधल्या शिशाचा होता, आणि ते २००० साली देशभर बंद झाले. पण २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी मिळून काढलेल्या अहवालात, जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात चिंताजनक शिसे असल्याचा अंदाज दिला, आणि त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातली. पेट्रोल गेले तरी बॅटऱ्या, भांडी, मसाल्यांतली भेसळ आणि रंग राहिलेच.

रंगासाठी आपल्याकडे नियम आहे, आणि तो चांगला आहे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने १ नोव्हेंबर २०१६ रोजी तो काढला, एका वर्षाने तो लागू झाला. घरगुती आणि सजावटीच्या रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे चालणार नाही आणि डब्यावर तसे छापले पाहिजे. हा नियम आल्यावरही लहान कारखान्यांच्या रंगांत कितीतरी जास्त शिसे असल्याचे टॉक्सिक्स लिंकसारख्या संस्थांनी तपासून दाखवले आहे. पण तो वेगळा लढा. आमचा मुद्दा असा की हा नियम बांधतो तो रंग बनवणाऱ्याला, आयात करणाऱ्याला, विकणाऱ्याला. २०१७ च्या आधी जो रंग भिंतीवर बसला, त्याबद्दल नियम मुका आहे. नवा रंग त्याच्यावर चढवला तरी खालचा थर जागचा हलत नाही. ओल आली, खिळा ठोकला, दार सतत एकाच जागी घासले, की तो पुन्हा उघडा पडतो.

इतर कायदे पाहू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ म्हणतो की जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. त्याने टाळाटाळ केली तर भाडेकरू नोटीस देऊन दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि ठरावीक मर्यादेत खर्च भाड्यातून वळता करू शकतो. कलम कामाचे आहे. पण हा कायदा मुख्यतः शहरांचा, आणि 'दुरुस्ती' म्हणजे गळके छप्पर हे न्यायालयाला पटते, विषारी पोपडा पटवून द्यावा लागेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेची इमारत कशी असावी ते लिहिले आहे: सर्व ऋतूंत टिकणारी, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, कुंपण. भिंतीवर काय फासले आहे याबद्दल अक्षर नाही.

याच महाराष्ट्रात २०१५ च्या जूनमध्ये मॅगीच्या पाकिटात शिसे असल्याच्या बातमीने केवढी खळबळ उडाली होती ते आठवा. दोन दिवसांत दुकाने रिकामी झाली. पुढे ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, आणि फेरतपासणीत प्रमाण मर्यादेत निघाले, हेही सांगितले पाहिजे. पण यंत्रणा हलू शकते एवढे त्यातून दिसले. पाकीट मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात होते, म्हणून ती लगेच हलली. अंगणवाडीची भिंत कुणाच्या स्वयंपाकघरात नाही.

मालकावर जबाबदारी टाकणारे कायदे जगात आहेत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच लिहिले होते की मुलांना बाधणारे शिसे घराच्या व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यातून येते. तिथे मुलांच्या हाताला लागेल अशा जागी शिशाचा रंग लावण्यावर कायद्याने बंदी यायला १९२२ उजाडले. अमेरिकेत घरगुती रंगातले शिसे १९७८ मध्ये बंद झाले, पण त्याआधी, १९७१ मध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्याने एक पाऊल पुढे टाकले होते. आज तिथला कायदा असा आहे: १९७८ च्या आधी बांधलेल्या घरात सहा वर्षांखालचे मूल राहत असेल, तर शिशाचा धोका दूर करणे किंवा पक्का झाकून टाकणे हे मालकाचे कर्तव्य. 'मला माहीत नव्हते' ही सबब चालत नाही. मुलाला बाधा झाली तर भरपाई मालकाकडून. आणि देशभरासाठीचा १९९२ चा कायदा सांगतो की जुने घर विकताना किंवा भाड्याने देताना तिथल्या शिशाची जी काही माहिती मालकाला असेल ती लेखी द्यावी आणि धोक्याचे पत्रकही हातात ठेवावे. आपल्यापैकी कुणाचा भाऊ, कुणाची मुलगी न्यू जर्सीत राहते. जुन्या घराचा भाडेकरार करताना हा कागद त्यांच्याही हातात पडला असेल. विचारून पहा.

हे कायदे आपोआप झालेले नाहीत. न्यू यॉर्कच्या पूर्व हार्लेममध्ये १९६९ मध्ये यंग लॉर्ड्स या पोर्तो रिकन तरुण-तरुणींच्या संघटनेने दारोदार जाऊन मुलांची शिशासाठी तपासणी केली होती. सरकार मोजत नाही, तर आम्ही मोजतो, असे ते होते. शहाद्याच्या भागात १९७२ नंतर श्रमिक संघटनेच्या बायकांनी दारूचे गुत्ते फोडले, तेव्हा त्यांनीही कायद्याच्या दुरुस्तीची वाट पाहिली नव्हती.

आता या कायद्यांची दुसरी बाजू. मालकावर भार टाकला की मालक काय करतो? लहान मूल असलेल्या कुटुंबाला खोलीच देत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात म्हणून मुद्दाम लिहावे लागले की मुलांमुळे घर नाकारता येणार नाही, घालवून देता येणार नाही. तरीही हा भेदभाव तिथे पुरता थांबलेला नाही. आपल्याकडे तर एकट्या बाईला, मुसलमान कुटुंबाला, आदिवासी मुलींना खोली मिळवताना आधीच दहा दारे झिजवावी लागतात. त्यात अकरावे कारण आपण मालकाच्या हाती द्यायचे नाही. कर्तव्य आणि नकाराला बंदी, दोन्ही एकाच कलमात आली पाहिजेत.

दुसरी अडचण आपल्या मनाला जास्त लागणारी आहे. 'मालक' म्हणजे कोण? प्रधानमंत्री आवास योजनेतले घरकुल बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर मिळते. घरावर बाईचे नाव लागावे म्हणून आपण वर्षानुवर्षे भांडलो. उद्या मालकावर सरसकट दंड बसवणारा कायदा आला, तर नोटीस तिच्याच नावे येईल, आणि 'घर तुझ्या नावावर ना? मग भर' असे म्हणणारेही घरातच असतील. तेव्हा स्वतःच्या चार भिंतींत राहणारी विधवा आणि पाच खोल्यांचे भाडे खाणारा मालक यांना एका मापाने मोजणे आम्हाला मान्य नाही. मॅसॅच्युसेट्समध्येही मालकांना करात सवलत आणि कर्ज दिले जाते. आणि मूळ माल ज्यांनी विकला त्यांचे काय? कॅलिफोर्नियातल्या काही शहरांनी आणि जिल्ह्यांनी रंग कंपन्यांविरुद्ध २००० साली सुरू केलेला खटला २०१९ मध्ये मिटला, तेव्हा तीन कंपन्यांनी साडेतीस कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. एकोणीस वर्षे लागली, पण पैसा विकणाऱ्याच्या खिशातून निघाला.

तिसरी गोष्ट बायकांच्या चळवळीने विशेष लक्षात ठेवावी अशी. शिशाचा धोका मान्य झाला की पहिला उपाय सुचतो तो बाईलाच बाजूला करण्याचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ मध्ये पांढऱ्या शिशाच्या रंगाविषयी करार केला. त्यात अशा रंगकामावर बायकांना आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना घेण्यास बंदी होती. पुरुष रंगाऱ्यांसाठी मात्र बऱ्याच ठिकाणी शिसे शिल्लकच राहिले. अमेरिकेत जॉन्सन कंट्रोल्स या बॅटरी कंपनीने मूल होऊ शकेल अशा प्रत्येक बाईला शिशाच्या कामावरून दूर केले. १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. शिसे काढण्यापेक्षा बाईला काढणे स्वस्त पडते. आमच्या ताईला मिळालेला 'हात धुवायला शिकवा' हा सल्ला त्याच जातीचा आहे. हात जरूर धुवावेत. पण भिंत तशीच ठेवून रोज तीस मुलांचे हात धूत बसणे हा काम वाढवण्याचा मार्ग झाला.

मग धानोऱ्यासारख्या ठिकाणी मुलांच्या घराचा सर्वांत मोठा मालक कोण? सरकार. आश्रमशाळेत मूल वर्षातले बरेच महिने राहते, जेवते, भिंतीला पाय लावून झोपते. ते त्याचे घरच आहे. आई-बाप ऊसतोडीला किंवा सुरतेकडे बांधकामावर गेले की दुसरे घर नाहीच. तशीच अंगणवाडी, जिल्हा परिषदेची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र. कुठे इमारत सरकारची, कुठे भाड्याची. भाड्याची असली तरी भाडे देणारे सरकार आहे, आणि करारात 'रंगात शिसे नसल्याचा दाखला' ही एक ओळ घालणे त्याच्या हातात आहे. म्हणून आमची पहिली मागणी खाजगी मालकाकडे नाही. शासनाने आपल्या मालकीच्या आणि भाड्याच्या, मुलांच्या वापरातल्या प्रत्येक इमारतीचा २०१७ पूर्वीचा रंग तपासावा आणि निकाल त्या इमारतीच्या दारावर लावावा. पैसे नाहीत, हे उत्तर ऐकून घेऊ नका. रतलामच्या नगरपालिकेने गटारांबाबत हेच उत्तर दिले होते. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पैशाची अडचण सांगून नगरपालिकेला लोकांच्या आरोग्याची जबाबदारी टाळता येणार नाही. तो खटला सार्वजनिक उपद्रव हटवण्याच्या कलमाखाली, दंडाधिकाऱ्याच्या साध्या आदेशापासून सुरू झाला होता. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १३३ होते, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ आहे. ते शिशासाठी लिहिलेले नाही, ताणून लावावे लागेल. वकील मैत्रिणींनी यावर विचार करावा.

आणि ग्रामसभा आहेच. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत पेसा कायद्याने ग्रामसभेला सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर देखरेखीचा अधिकार दिला आहे. अंगणवाडी ही तशीच संस्था. ठरावात चार ओळी पुरतात. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका: इमारत कोणत्या साली रंगवली, कोणता रंग, बिल कुठे आहे, डब्यावर शिशाच्या मर्यादेचा मजकूर होता का.

एक सूचना मात्र लगेच पाळायची, कारण दिवाळी जवळ आली की घरोघरी आणि शाळेतही रंग खरवडायला बायकाच बसतात. जुना ऑइलपेंट कोरडा खरवडू नका, पॉलिशपेपरने घासू नका. भिंतीवर राहिलेल्या रंगापेक्षा उडालेली धूळ जास्त घातक असते. न खरवडता सोडलेली भिंत अर्धवट खरवडलेल्या भिंतीपेक्षा बरी. खरवडणे भागच असेल तर भिंत ओली करून, खाली प्लास्टिक अंथरून, तोंडाला फडके बांधून. मुले आणि गरोदर बायका त्या दिवशी दुसरीकडे. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचे आणि ते फडके मुलांच्या कपड्यांत धुवायचे नाही. पोपडे चुलीत नकोत. जुनी रंगवलेली दारे-खिडक्या सरपण म्हणून जाळू नका; तो धूर सरळ छातीत जातो. हे सगळे पुन्हा बाईच्याच अंगावर पडले, हे आम्हाला कळते. मालक हलेपर्यंत मुलाला वाचवायचे तर दुसरा रस्ता नाही, पण अर्ज आधी टाका आणि फडके मग भिजवा.

त्या अडीच वर्षांच्या मुलाची जागा ताईने सध्या बदलली आहे. भिंतीपुढे जुनी चटई उभी करून खाली विटा लावल्या आहेत. खोलीच्या मालकाला गटाच्या पाच जणी भेटून आल्या. त्याने 'बघतो' म्हटले आहे.

पुढच्या अंकासाठी प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या एका अंगणवाडीची किंवा आश्रमशाळेची माहिती कळवावी: जागा कुणाच्या मालकीची, भाडे कोण देते, भिंतीला शेवटचा रंग कोणत्या साली लागला, पोपडे निघतात का, आणि याबद्दल कुणाला विचारल्यावर काय उत्तर मिळाले. उत्तर मिळाले नसेल तर कोणत्या तारखेला विचारले होते तेही लिहा.